कॉलमनंतर कायटिनेज ‘गायब’ होतं तेव्हा

दरवर्षी एमएस्सीची मुलं बुरशीपासून कायटिनेज, म्हणजे कायटिन हे टणक द्रव्य तोडणारं एन्झाइम, शुद्ध करायला घेतात, आणि प्रोजेक्टची तारीख जवळ आली की हे गाऱ्हाणं माझ्या टेबलावर येतं. मुलं बदलतात, बुरशी कधी ट्रायकोडर्मा हार्झियानम असते तर कधी विरिडी, पण वाक्य ठरलेलं: “मॅडम, क्रूडमध्ये ॲक्टिव्हिटी मस्त होती. अमोनियम सल्फेटनंतरही होती. डीईएई कॉलम चालवला आणि साठच्या साठ नळ्या कोऱ्या. एन्झाइम मेलं.”

(क्रूड म्हणजे बुरशी वाढवलेल्या माध्यमाचा अजून शुद्ध न केलेला रस. अमोनियम सल्फेट टाकून त्यातली प्रथिनं खाली बसवतात, आणि डीईएई कॉलम ती विद्युतभाराप्रमाणे वेगळी करून नळ्यांत उतरवतो.) बहुतेक वेळा ते मेलेलं नसतं. आपण मोजतोय भलतंच, एवढंच झालेलं असतं. या एका गैरसमजापायी मी स्वतः तीन आठवडे आणि इनहिबिटरच्या (एन्झाइम रोखणाऱ्या रसायनाच्या) दोन महागड्या बाटल्या घालवल्या आहेत, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

नवख्यांसाठी थोडी पार्श्वभूमी. हरभऱ्याच्या मर रोगासाठी बियाण्याला ट्रायकोडर्मा चोळतात हे आपल्याकडे शेतकऱ्यांना नवीन नाही. ही बुरशी दुसऱ्या बुरशीच्या अंगावर चढते आणि तिची भिंत विरघळवते. त्या भिंतीतलं मुख्य टणक द्रव्य म्हणजे कायटिन. कोळंबीच्या टरफलात आणि किड्यांच्या कवचात असतं तेच. गंमत म्हणजे त्याचा शोध कोळंबीत लागला नाही. १८११ मध्ये ब्राकोनो या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञाला ते आधी अळिंबीत सापडलं, आणि ‘कायटिन’ हे नाव १८२३ मध्ये ओडिएने किड्यांवरच्या कामातून दिलं. एन-ॲसिटिलग्लुकोसामिनचे मणी बीटा-१,४ बंधाने ओवलेली लांब माळ, अशी त्याची रचना. या मण्याला लॅबमध्ये सगळे ‘नॅग’ म्हणतात, मीही तेच म्हणणार.

नळीत नक्की काय मोजताय?

क्रूडमध्ये ‘कायटिनेज’ नावाचं एक एन्झाइम नसतं, टोळी असते. ट्रायकोडर्मा हार्झियानममधून ४२, ३७ आणि ३३ किलोडाल्टनची तीन कायटिनेजेस वेगळी केली गेल्याला तीस वर्षं उलटून गेली. त्यांच्या जोडीला नॅगेज, म्हणजे एन-ॲसिटिलग्लुकोसामिनिडेज, असतं. ते वजनाने बरंच मोठं आणि कुळाने वेगळं. साखरेचे बंध तोडणाऱ्या एन्झाइमांच्या कुळांना ‘जीएच’ क्रमांक असतात: कायटिनेजेस जीएच-१८ कुळातली, नॅगेज जीएच-२० मधलं.

ऊस डोळ्यासमोर आणा. एंडोकायटिनेज उसाला मधेच कुठेही कोयता घालतं. त्यातून शेवटी बहुतेक दोन-दोन पेरांचे तुकडे उरतात. नॅगेजला अख्ख्या उसाशी फारसं देणंघेणं नसतं. ते या छोट्या तुकड्यांच्या टोकाकडून एकेक पेर सुटं करतं.

आता आपली ॲसे, म्हणजे एन्झाइमचं काम मोजायची परीक्षा. खूप लॅबमध्ये डीएमएबी या रंग देणाऱ्या रसायनाची पद्धत वापरतात, रायसिग, स्ट्रॉमिंजर आणि लेल्वार यांनी १९५५ मध्ये सुधारून दिलेली. बोरेटमध्ये उकळायचं, थंड करायचं, डीएमएबी टाकून ३७ अंशांना २० मिनिटं ठेवायचं आणि ५८५ नॅनोमीटरला वाचायचं. पद्धत चांगली आहे, नेमकी आहे, आणि तिचा नेमकेपणाच इथे आडवा येतो. रंग येण्यासाठी नॅगच्या चौथ्या कार्बनवरचा हात मोकळा लागतो. दोन पेरांच्या तुकड्यात साखरेचं क्षपणक टोक (रंगाच्या रसायनाशी अभिक्रिया करणारं मोकळं टोक) ज्या मण्यावर असतं, त्याचा चौथा कार्बन शेजारच्या मण्याने धरून ठेवलेला असतो. म्हणून त्या तुकड्याचा रंग जवळपास येतच नाही. सुटं पेर दिसतं, जोडपेर दिसत नाही.

क्रूडमध्ये एंडोकायटिनेज तोडतं, नॅगेज सुटं करतं आणि नळी जांभळट गुलाबी होते. कॉलमने दोघांना वेगळं केलं की एका नळीत कोयतेवाला एकटा आणि वीस नळ्या पुढे सोलणारा एकटा. पहिला तोडतोय पण त्याचं काम दिसत नाही. दुसऱ्यासमोर अख्खा ऊस पडलाय, त्याला काही करता येत नाही. शुद्धीकरण जितकं चांगलं, तितका निकाल वाईट! आणि पोरं म्हणतात एन्झाइम मेलं.

डीएनएस या दुसऱ्या रंग-रसायनाने मोजणाऱ्यांना हा धक्का कमी बसतो, पण बसतो. तिथे क्षपणक टोकं मोजली जातात. जोडपेराचं एक टोक, ते सोललं की दोन. म्हणजे नुसतं नॅगेज बाजूला गेल्यानेच आकडा निम्म्यापर्यंत उतरू शकतो. शिवाय जोडपेरं साचली की ती एंडोकायटिनेजलाच अडवतात, त्यामुळे आकडा आणखी घसरतो. तरी पूर्ण शून्य येत नाही.

माझा बीकर

पीएचडीच्या दुसऱ्या वर्षी मी नेमकी इथेच अडकले होते. प्रोटिएजने (प्रथिनं तोडणाऱ्या एन्झाइमने) एन्झाइम खाल्लं अशी माझी पक्की समजूत. मग पीएमएसएफ आणलं, पेप्स्टॅटिन आणलं (दोन्ही प्रोटिएज रोखणारे इनहिबिटर), कॉलम कोल्डरूममध्ये हलवला, लोडशेडिंगच्या वेळा बघून रात्री दोनला फ्रॅक्शन (कॉलममधून एकामागोमाग नळ्यांत येणारे भाग) गोळा केले. साप साप म्हणून भुई धोपटणं चाललं होतं. शेवटी वैतागून एका संध्याकाळी सगळ्या नळ्या धुवायला म्हणून एका बीकरमध्ये ओतल्या. कॉलममधून सुरुवातीला न चिकटता वाहून गेलेला भागही त्यातच. ओतताना उगाच मनात आलं, बघू तरी. त्यातला अर्धा मिलिलिटर घेऊन ॲसे लावली.

नळी गुलाबी झाली. साठ नळ्यांमध्ये वाटून संपूर्ण ‘मेलेलं’ एन्झाइम, सगळं पाणी घालून पातळ केलेलं असतानाही, एकत्र केल्यावर जिवंत. त्या रात्री मी खूप हसले, आणि मग तीन आठवड्यांचा हिशेब मांडून थोडी रडलेही.

म्हणून आधी हे करा

बीकरमध्ये ओतायची गरज नाही, चार-पाच नळ्या पुरतात. कॉलमचा न चिकटलेला भाग घ्या आणि २८० नॅनोमीटरला जे प्रोटीनचे ढीग दिसतात त्या प्रत्येकातली एकेक नळी घ्या. आधी सगळ्यांची पीएनपी-नॅगवर परीक्षा करा. पिवळा रंग देणारं हे सब्स्ट्रेट (एन्झाइम ज्याला तोडतं ते द्रव्य) त्यातल्या त्यात स्वस्त आहे आणि नॅगेज कुठे बसलंय ते दहा मिनिटांत सांगतं. थांबवताना सोडियम कार्बोनेट विसरू नका. पिवळा रंग अल्कलीतच येतो. आम्लातच नळी वाचून “नॅगेजही नाही” म्हणणारे मी पाहिलेत.

नॅगेजचा ढीग सापडला की त्यातला पाव मिलिलिटर आणि दुसऱ्या ढिगातला पाव मिलिलिटर, असं एकत्र करून कोलॉइडल कायटिनवर (आम्लातून पाण्यात उतरवलेल्या दुधाळ कायटिनवर) ठेवा. ५० मिलिमोलर ॲसिटेट, पीएच ५, ३७ अंश, एक तास, आणि हलवत ठेवा, कारण कायटिन तळाशी बसतं आणि न हलवलेल्या नळीत तुम्ही फक्त तळाच्या थराचं पचन मोजता. सोबत प्रत्येक ढीग एकटा, त्यात बफर घालून तेवढ्याच आकारमानाचा केलेला. आणि एक नळी उकळलेल्या मिश्रणाची. दोघांच्या स्वतंत्र आकड्यांच्या बेरजेपेक्षा मिश्रणाचा आकडा ठळकपणे जास्त आला, तर तुमचं उत्तर मिळालं. समजा क्रूडमध्ये १०० युनिट होते, न चिकटलेल्या भागात १२ आले, मोठ्या ढिगात ५ आले आणि दोन्ही मिळून ७५ आले, तर फारसं काही हरवलेलं नाही.

इथून पुढे सगळी शुद्धीकरणाची मोजणी त्याच नॅगेजच्या जोरावर करता येते. तुमच्याच कॉलमचं नॅगेज छोट्या नळ्यांत भरून ठेवा आणि एंडोकायटिनेजच्या प्रत्येक ॲसेमध्ये सढळ हाताने टाका. बाहेरून काही विकत घ्यायला नको. अट एकच: ते नॅगेज एकटं कोलॉइडल कायटिनवर काही देत नाही, याची ब्लँक (तुलनेची नळी) दर वेळी ठेवा. नाहीतर मोजमापात पुन्हा दोघांची खिचडी.

गाइड ‘प्युरिफिकेशन टेबल’ मागतात तेव्हा नॅगेज घालून केलेली मोजणी क्रूडपासून प्रत्येक पायरीला तशीच हवी. क्रूडला न घालता आणि कॉलमनंतर घालून केलीत तर यील्ड १४० टक्के वगैरे येतो, आणि व्हायव्हामध्ये कुणीतरी नेमकं तिथेच बोट ठेवतं.

मिसळूनही रंग आला नाही तर

मग ॲसे खरंच वाचतेय का ते बघा. कोऱ्या दिसणाऱ्या फ्रॅक्शनमध्ये ठाऊक असलेलं नॅग घाला, समजा ५० नॅनोमोल, आणि तेवढंच साध्या बफरमध्ये घाला. दोन्हींचा रंग सारखा यायला हवा. फ्रॅक्शनमधला फिका आला तर एन्झाइमचा दोष नाही, मोजणीचा आहे. डीएमएबीचा सगळा डोलारा बोरेटच्या अल्कली पीएचवर उभा आहे. नमुना आम्लधर्मी असला, बफर जड असलं किंवा डायलिसिस अर्धवट होऊन अमोनियम सल्फेट उरलं असलं, तर उकळताना तो पीएच खाली ओढला जातो आणि रंग बसतो. उकळण्याची तीन मिनिटं म्हणजे तीनच. घड्याळ लावा, अंदाजे नको.

हे ठीक निघालं की हिशेब मांडा. वाण्याच्या वहीसारखा: कॉलमवर किती युनिट चढवले, न चिकटलेल्या भागात किती, बफरच्या धुण्यात किती, मिठाच्या प्रत्येक टप्प्यात किती, शेवटी १ मोलर मिठाने धुतल्यावर किती. या टोळीतल्या सगळ्यांचा विद्युतभार एकसारखा नसतो, त्यामुळे एखादं कायटिनेज डीईएईला अजिबात न चिकटता पहिल्याच धारेत निघून जाऊ शकतं. ती पहिली धार सिंकमध्ये ओतणारा विद्यार्थी मला दर वर्षी भेटतो. निकाल हातात येईपर्यंत काहीही ओतायचं नाही, बाटलीवर तारीख टाकून थंड ठेवायचं.

अमोनियम सल्फेटच्या पायरीवर हिशेब चुकत असेल तर तक्ता कोणत्या तापमानाचा ते पाहा. शून्य ते ८० टक्के संपृक्तीला एका लिटरला शून्य अंशाला ५१६ ग्रॅम लागतात, २५ अंशांना ५६१. शून्य अंशाचा तक्ता पाहून खोलीच्या तापमानाला ५१६ ग्रॅम टाकले तर तुम्ही ७५ टक्क्यांवरच थांबलात. उरलेलं एन्झाइम वरच्या पाण्यात, आणि ते पाणी सिंकमध्ये. मीठ बारीक करून, चिमटी-चिमटीने, फेस न आणता टाका. त्याने पीएच उतरतो, मधे दोनदा तपासा.

डायलिसिसची पिशवीही एकदा हाताने चाचपून बघा. बुरशी गव्हाच्या कोंड्यावर वाढवली असेल तर क्रूडमध्ये सेल्युलेजही भरपूर असतं आणि साधी डायलिसिसची पिशवी सेल्युलोजचीच असते. रात्रभरात ती मऊ पडून सकाळी बादलीत नुसती गाठ तरंगताना मी पाहिली आहे. कोंड्यावरचं क्रूड असेल तर मीठ काढायला डिसॉल्टिंग कॉलम घ्या, किंवा सेल्युलोज नसलेला पडदा वापरा.

प्रोटिएज खरंच असतं तेव्हा

असतं हो, नाही असं नाही. ट्रायकोडर्मा प्रोटिएजसाठीही प्रसिद्धच आहे. पण त्याचं लक्षण वेगळं: ॲक्टिव्हिटी एका पायरीवर एकदम पडत नाही, दिवसागणिक झिजते, आणि जेलवर नेमक्या पट्टीच्या खाली छोट्या पट्ट्यांची पायरी दिसायला लागते. क्रूडचे दोन भाग करा, एकात इनहिबिटर घाला, ३० अंशांना ठेवा आणि ०, ६ व २४ तासांना दोन्ही मोजा. दोन्ही सारखेच उतरले तर प्रोटिएजचा पिच्छा सोडा.

इनहिबिटर कोणता, हे पीएचवर ठरतं. माध्यमात नायट्रोजनसाठी अमोनियम सल्फेट टाकलं असेल तर बुरशी अमोनियम उचलते आणि आम्ल मागे सोडते. साडेपाचला सुरू केलेलं माध्यम चार दिवसांत तीनच्या खाली जाऊ शकतं. अशा आम्लात ॲस्पार्टिक प्रोटिएज जोरात असतात आणि त्यांना पीएमएसएफ काही करत नाही, पेप्स्टॅटिन लागतं. पीएमएसएफ सेरीन प्रोटिएजसाठी, आणि तेही पाण्यात गेल्यावर थोड्या तासांत निकामी होतं. सकाळी टाकलेलं संध्याकाळी पुन्हा टाकावं लागतं. आठवड्यापूर्वी बफरमध्ये मिसळून ठेवलेलं पीएमएसएफ म्हणजे निव्वळ मनाचं समाधान.

स्किम मिल्क आगरवर खड्डा पाडून प्रोटिएज तपासायची सोपी युक्ती सगळ्यांना ठाऊक असते. आम्लधर्मी नमुन्याला ती फसवते, कारण आम्लाने दूध तसंही फाटतं आणि खड्ड्याभोवती पांढरं कडं उमटतं. अशा वेळी पीएच तीन-चारच्या आसपास हिमोग्लोबिन पाजून बघा.

खरा उपाय मात्र फ्लास्कमध्येच आहे. पीएच रोज बघा, बफर केलेलं माध्यम घ्या, अमोनियम कमी करा. शुद्ध कायटिनमध्ये स्वतःचा जवळपास ७ टक्के नायट्रोजन असतो, बुरशी उपाशी मरत नाही. आणि काढणी उशिरा करू नका. २८ अंशांना, शेकरवर, रोज थोडा नमुना काढून नॅगेज आणि एंडोकायटिनेज वेगवेगळे मोजा. दोघांचा चढ एकाच दिवशी येईल असं नाही. बुरशी स्वतःला पचवायला लागली की सगळंच गढूळ होतं. माध्यमात ग्लुकोज शिल्लक असेल तर मुळात कायटिनेज बनतच नाही, म्हणून इनॉक्युलम (सुरुवातीला टाकायची बुरशी) ग्लुकोजवर वाढवलंत तर आधी धुऊन मग कायटिनमध्ये टाका.

कोलॉइडल कायटिन, म्हणजे निम्मी भांडणं

एका बॅचला एक आकडा, दुसऱ्या बॅचला दुसरा. एन्झाइम तेच, हात तोच. अशा वेळी बाटलीतलं कायटिन बघा.

करायची रीत सगळ्यांची थोड्याफार फरकाने सारखी: कायटिनची पूड थंड तीव्र हायड्रोक्लोरिक आम्लात हळूहळू सोडायची, ढवळत ठेवायची, काचेच्या लोकरीतून गाळायची आणि जोरात ढवळत थंड पाण्यात किंवा ५० टक्के अल्कोहोलमध्ये ओतायची. दुधाळ साय उतरते. मग सेंट्रिफ्यूज, पाणी, सेंट्रिफ्यूज, पाणी. हे सगळं फ्यूम हूडमध्ये, हातमोजे घालून. आम्लाचा धूर काय करतो ते सांगायला नको.

गाडी अडते ती धुण्यावर. मुलं वरच्या पाण्याला पीएच पट्टी लावतात, पाच दाखवलं की थांबतात. पण कोलॉइडल कायटिन हा स्पंज आहे, आम्ल आत दडून बसतं. रात्रभर फ्रिजमध्ये ठेवलं की सकाळी वरचं पाणी परत तीन-साडेतीन दाखवतं. तेच ॲसेमध्ये गेलं की तुमचं ५० मिलिमोलर बफर त्याच्यापुढे टिकत नाही. मी आता असं करते: पाच दाखवल्यावर रात्रभर मुरू देते, दुसऱ्या दिवशी पुन्हा तपासते आणि गरज पडली तर दोन-तीनदा आणखी धुते. शेवटचं धुणं ॲसेच्याच बफरने.

ओव्हनमध्ये वाळवू नका, गोठवू नका. दोन्हींनी ते आक्रसून दाणेदार होतं आणि मग एन्झाइमला त्याच्यात शिरता येत नाही. ओलंच, ४ अंशांना ठेवा. किती टक्के आहे ते कळायला त्यातला थोडासा भाग वेगळा वाळवून वजन करा, बाकीच्याला हात लावू नका. जास्त दिवस ठेवायचं तर ०.०२ टक्के सोडियम ॲझाइड घाला. माध्यमासाठी ठेवलेल्या बाटलीत मात्र चुकूनही नको. बिनॲझाइडच्या जुन्या बाटलीत जिवाणू वाढले की ते स्वतःचं कायटिनेज सोडतात आणि ब्लँकच गुलाबी होते. बाटलीवर बॅच नंबर आणि पुडीचा स्रोत लिहा. आपल्याकडे मिळणारी पूड बहुधा कोळंबीच्या किंवा खेकड्याच्या टरफलांची असते. टरफलातला चुना आणि प्रथिनं किती निघालीत यावर शेवटचं कायटिन ठरतं. एका प्रबंधाचं सगळं काम एकाच बॅचवर झालं तर सोन्याहून पिवळं.

याच कायटिनचा दुसरा उपयोग म्हणजे डीईएईच्या आधीचा सोपा सापळा. क्रूड ४ अंशांना कोलॉइडल कायटिनमध्ये ढवळा, कायटिनेज त्याला चिकटतं, बाकीचा गाळ बराचसा मिठाच्या पाण्याने धुऊन जातो. मग तेच ३७ अंशांना ठेवा. एन्झाइम आपल्या पायाखालची जमीन खातं आणि मोकळं होतं. एका पायरीत पुष्कळ सफाई होते. फक्त त्यानंतर द्रावण नॅगने आणि जोडपेरांनी भरलेलं असतं. ते डायलिसिसने काढल्याशिवाय ॲसे लावलीत तर ब्लँक आकाशाला भिडते.

जेलवर जोडी दिसते

मन शांत करायचं असेल तर एक झायमोग्राम (एन्झाइमचं काम पट्टी म्हणून दाखवणारा जेल) करा. जेलमध्ये ०.०१ टक्के ग्लायकॉल कायटिन, नमुना मर्कॅप्टोइथेनॉलशिवाय आणि न उकळता, नंतर ट्रायटनने एसडीएस काढून रात्रभर ॲसिटेटमध्ये. मग कॅल्कोफ्लोर व्हाइट, आणि अतिनील प्रकाशात बघा: सगळा जेल निळसर चकाकतो आणि जिथे एंडोकायटिनेजने कायटिन खाल्लंय तिथे काळी पट्टी. कॅल्कोफ्लोर हे मुळात कापड-कागदाला चकाकी आणणारं द्रव्य, म्हणून ॲप्रनवर सांडलं तर पुढची किती धुणी ॲप्रन अतिनील दिव्याखाली चमकतो ते मला विचारा.

या जेलवर नॅगेज दिसत नाही. त्यासाठी दुसरा, बिनकायटिनचा जेल घ्या आणि त्यावर मिथिलअंबेलिफेरिल-नॅगमध्ये (तुटल्यावर निळं चमकणाऱ्या सब्स्ट्रेटमध्ये) भिजवलेला कागद पसरा. काही मिनिटांत निळी पट्टी उजळते. दोन जेल शेजारी ठेवले की एक काळी पट्टी इथे आणि एक निळी पट्टी तिथे, दोघांची ताटातूट डोळ्यांनी दिसते. हा फोटो प्रबंधात टाका, कॉलमनंतरच्या घसरणीचं स्पष्टीकरण आपोआप होतं.

गुणधर्म मोजताना

शुद्ध झालं की पीएच, तापमान, धातू, गतिकी, असा ठरलेला पाढा सुरू होतो. त्यातला धातूंचा तक्ता मला सर्वांत कमी विश्वासाचा वाटतो. तांबं, पारा, लोह हे एन्झाइमला काय करतात हा एक प्रश्न, आणि ते डीएनएसच्या रंगाला काय करतात हा दुसरा. प्रत्येक धातूबरोबर नुसत्या नॅगची प्रमाणरेषा काढली नाही तर दोन्ही उत्तरं एकाच खान्यात पडतात. कॅल्शियम फॉस्फेट बफरमध्ये टाकून “कॅल्शियमने कमी झालं” असं लिहिलेलंही वाचलंय. नळीच्या तळाशी पांढरा साका कुणी पाहिलाच नाही.

डीएनएसची प्रमाणरेषा नॅगचीच काढा, ग्लुकोजची नको. दोघांचा रंग सारखा येत नाही. रंग वाचण्याआधी उरलेलं कायटिन सेंट्रिफ्यूजने खाली बसवा, नाहीतर गढूळपणाच ५४० ला ॲक्टिव्हिटी म्हणून मोजला जातो.

इष्टतम तापमानाचं म्हणाल तर ट्रायकोडर्माच्या कायटिनेजसाठी ४० ते ५० अंश आणि पीएच चार ते साडेपाच हे नेहमीचं. पण दहा मिनिटांच्या ॲसेमध्ये ५० अंश आलं म्हणून रात्रभराच्या पचनाला ५० वर ठेवू नका. एन्झाइम तासाभरात थकलेलं असेल. किती मिनिटांत मोजलं ते शेजारी लिहिल्याशिवाय ‘इष्टतम’ या शब्दाला अर्थ नाही.

केएम (एन्झाइमला किती सब्स्ट्रेटवर निम्मा वेग येतो तो आकडा) काढताना कोलॉइडल कायटिनचा आकडा मिलिमोलरमध्ये देऊ नका. न विरघळणाऱ्या लगद्याचं रेणूभार कोणतं धरणार? मिलिग्रॅम प्रति मिलिलिटर लिहा. मिलिमोलरचा हट्टच असेल तर पीएनपी किंवा मिथिलअंबेलिफेरिल जोडलेले विद्राव्य तुकडे वापरा, आणि जास्त सब्स्ट्रेटला वेग उलट खाली येतोय का तेही बघा. दोन मण्यांच्या तुकड्यांवर असं होतं. आणि कायटिनवर एन्झाइम दुप्पट केलं की उत्पादन दुप्पट होत नाही, हेही ध्यानात ठेवा. म्हणून तीन-चार पातळ्यांवर मोजून जिथपर्यंत रेष सरळ आहे तिथलाच आकडा घ्या.

शेवटी डब्यात ठेवताना

शुद्ध आणि पातळ एन्झाइम प्लास्टिकच्या नळीच्या भिंतीला चिकटतं. क्रूडमध्ये इतर प्रथिनं ती भिंत अडवून बसलेली असतात, म्हणून तिथे हा त्रास जाणवत नाही. ग्लिसरॉल घाला, किंवा जेल चालवायचा नसेल अशा नळ्यांत थोडं बोव्हाइन सीरम अल्ब्युमिन. एकाच नळीला रोज वितळवून पुन्हा गोठवण्यापेक्षा पन्नास-पन्नास मायक्रोलिटरच्या छोट्या नळ्या करा. नॅगेजच्या नळ्यांना वेगळ्या रंगाचं झाकण लावा. आणि गोठवल्यावर दुसऱ्याच दिवशी त्यातली एक नळी वितळवून दोन्ही परीक्षा करा: एकट्याची आणि जोडीची.